पिंट्याच्या पाठीवरची गाठ



आजचं वाचन: द्रोणपर्व, युद्धाचा चौदावा दिवस.

काल आपण अर्जुनाच्या प्रतिज्ञेपाशी थांबलो होतो. सूर्य मावळायच्या आत जयद्रथाला मारीन, नाहीतर अग्निप्रवेश करीन. आज तो दिवस उजाडलाय. वेळ कमी, अंतर जास्त आणि मध्ये द्रोणाचार्यांनी रचलेला व्यूह. अशा दिवशी, ऊन कलायला लागल्यावर, अर्जुनाच्या लक्षात येतं की रथाचे घोडे थकलेत. अंगात बाण रुतलेत, जयद्रथ अजून लांब आहे. तो कृष्णाला विचारतो, आता काय करायचं? आणि दोघं मिळून ठरवतात की घोडे सोडायचे. भर रणांगणात!

अर्जुन खाली उतरतो आणि जमिनीवर उभा राहून एकटा समोरचं सैन्य थोपवतो. कृष्ण म्हणतो, घोड्यांना प्यायला पाणी हवंय. अर्जुन जमीन भेदून पाणी काढतो, बाणांचं एक घरच उभं करतो. त्या घरात कृष्ण घोड्यांचं जू सोडतो. मग काय करतो? स्वतःच्या हातांनी एकेक बाण उपटतो. अंग चोळतो. पाणी पाजतो, चारा घालतो, त्यांचा शीण गेल्यावरच पुन्हा रथाला जुंपतो. घोड्यांच्या कामात तो जाणकार होता, हे व्यासांनी मुद्दाम सांगितलंय. मला या प्रसंगात एक गंमत नेहमी जाणवते. चमत्कार केला भक्ताने, आणि पागेतलं काम केलं देवाने.

एरवी मी या प्रसंगावर ‘कामाच्या गडबडीत विश्रांती घ्या’ असं काहीतरी लिहून मोकळी झाले असते. मागच्या वर्षी बहुतेक तसंच लिहिलं होतं. या वर्षी मात्र मी तिथेच अडकले, कारण मधल्या काळात माझ्या आयुष्यात पिंट्या आला.

पुण्याबाहेर एका छोट्या रायडिंग स्कूलमध्ये मी दर रविवारी जाते. सहा घोडे, एक पत्र्याची शेड, एक मैदान. पिंट्या तिथला सगळ्यात शहाणा घोडा. कागदोपत्री त्याचं नाव भारदस्त आहे, पण सगळे पिंट्याच म्हणतात. रंग तांबूस तपकिरी, आयाळ काळी, दातांवरून वय चौदाच्या आसपास. नव्या मुलांना पहिल्यांदा त्याच्याच पाठीवर बसवतात, कारण मूल घाबरलं की तो आपणहून थांबतो. मीही त्याच्यावरच शिकले.

होळीनंतरचा रविवार होता. मी खरारा करत होते. मान संपून पाठ सुरू होते तिथे, डाव्या बाजूला, बोटाला काहीतरी लागलं. चिंचोक्याएवढं. वर केस नीट होते, जखम नव्हती, ती जागा गरम नव्हती. दाबलं तरी पिंट्या हलला नाही, गवत खात राहिला. काही चावलं असेल, म्हणून मी सोडून दिलं. पुढच्या रविवारी ती तिथेच होती. त्याच्या पुढच्याही. मे महिन्यापर्यंत ती सुपारीएवढी झाली.

गाठ ही काय चीज आहे हे ज्यांच्या घरात कुणाला झालीय त्यांना सांगायला नको. बोट आपोआप तिथे जातं. आपण झोपेतून उठतो आणि पहिला विचार तोच. माणूस निदान सांगू शकतो की दुखतंय, जड वाटतंय, कालच्यापेक्षा बरं आहे. घोडा काही सांगत नाही. उलट दुखणं लपवणं हा त्याचा स्वभावच आहे, कारण कळपात लंगडणारा जनावराच्या तोंडी आधी जातो. त्यामुळे सगळा अर्थ आपण लावायचा, आणि अर्थ लावायला आपण किती उतावीळ असतो ते मला त्या दोन महिन्यांत कळलं.

पागेतले काका म्हणाले, “ताई, नजर लागलीय. लहान पोरं सारखी त्याचंच नाव घेतात ना.” मग त्यांनी मानेवरचा एक भोवरा दाखवला. घोड्याच्या अंगावर केसांचे भोवरे असतात, त्यातले शुभ कुठले आणि अशुभ कुठले याचं मोठं शास्त्र आपल्याकडे जुन्या काळापासून आहे. काकांच्या मते हा भोवरा बरा नव्हता. उपाय म्हणजे डाग द्यायचा, लोखंड तापवून. त्यांच्या वडिलांनी एका घोड्याला दिला होता आणि गाठ गेली होती. काका वाईट माणूस नाहीत हे आधीच सांगते. पिंट्याला पोटशूळ झाला तेव्हा रात्रभर त्याला हळूहळू फिरवणारे तेच होते.

माझी एक मैत्रीण म्हणाली, गेल्या जन्मीचं असेल काहीतरी, मुक्या जनावरांचे भोग असतात. ती रोज गीता वाचते, माझ्यापेक्षा नियमाने.

आणि मी? मी कुणाला बोलले नव्हते, पण मनात माझं स्वतःचं उत्तर तयार होतं. फेब्रुवारीत एकदा मी घाईत खोगीर बांधलं होतं. खालच्या पॅडला घडी पडली होती, तासभर तशीच बसले होते. नेमकी तीच जागा. म्हणजे मीच केलं.

बघा, तीन माणसं, तीन उत्तरं आणि गाठ एकच. माझं उत्तर दिसायला सगळ्यात प्रामाणिक वाटतं, कारण त्यात दोष मी माझ्यावर घेतलाय. पण आता वाटतं की तेही नजर लागण्यासारखंच होतं. कारण माहीत नसल्याची पोकळी सहन होईना म्हणून मी ती अपराधाने भरली. अपराधी वाटणं निदान ओळखीचं असतं. ‘माहीत नाही’ हे अनोळखी असतं.

कर्माबद्दल एक सांगायचंय. ‘भोग असतात’ हे वाक्य आपल्या घरांत इतकं सहज वापरलं जातं की त्याचा भार कुणाला जाणवत नाही. गीतेच्या चौथ्या अध्यायात खुद्द भगवान म्हणतात की कर्माची गती गहन आहे. देवाला जे गहन वाटतं ते आपल्याला चहा पिताना, दुसऱ्याच्या दुखण्याकडे बघून, दोन मिनिटांत कसं कळतं? कर्माचा विचार मी माझ्या पुढच्या पावलाआधी करावा, मी आता काय करणार आहे यासाठी. दुसऱ्याच्या अंगावरच्या गाठीला तो चिकटवला की त्याचा उपयोग एकच उरतो, आपल्याला तिथून हात झटकून निघता येतं. मैत्रिणीला हे सांगितलं तर ती थोडी रागावली. म्हणाली, मी सांत्वन करत होते. असेलही.

जूनच्या सुरुवातीला जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी जे केलं ते मला फार शिकवून गेलं, म्हणून सविस्तर सांगते.

आधी त्यांनी गाठीकडे पाहिलंच नाही. नाक पाहिलं, जबड्याखाली दोन्ही हात फिरवले, चारही पायांवर वरपासून खालपर्यंत बोटं फिरवली. विचारलं, ताप? खोकला? नाकातून चिकट स्राव? इतर घोड्यांना काही? मी म्हटलं, गाठ पाठीवर आहे. ते म्हणाले, “आधी जे नको ते बघतोय.” घोड्यांचा ग्लँडर्स नावाचा एक रोग आहे, त्यात नाकातून स्राव येतो आणि पायांवर रसवाहिन्यांच्या कडेने ओळीने गाठी येतात, त्या फुटतात. 2006 मध्ये तो आपल्या महाराष्ट्रातही पुन्हा दिसला होता. माणसालाही होऊ शकतो. संशय आला तर सरकारला कळवावं लागतं, रक्त हरियाणात हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे तपासायला जातं, आणि रोग नक्की झाला तर घोड्याला दया म्हणून नव्हे, कायद्याने मरण द्यावं लागतं. पिंट्याला त्यातलं एकही लक्षण नव्हतं. मी तोवर श्वास धरून उभी होते हे मला नंतर कळलं.

मग गाठ. त्यांनी चिमटीत धरली, वरची कातडी सरकते का बघितलं, मोजली. बारीक सुई घालून थोडा भाग काढला. आठ-दहा दिवसांनी रिपोर्ट आला: निदान करता येईल इतक्या पेशी नाहीत.

बस. एवढंच. मी फोनवर जवळजवळ ओरडले, “म्हणजे काय?” डॉक्टर शांतपणे म्हणाले, “म्हणजे आपल्याला माहीत नाही.”

त्यांच्या मते दोन शक्यता मोठ्या होत्या. खोगिराच्या जागेवर घोड्यांना एक प्रकारच्या टणक गाठी येतात, वर केस शाबूत, दुखत नाहीत, बहुतेकदा त्रासही देत नाहीत. किडा चावल्यामुळे किंवा घासल्यामुळे येत असाव्यात असं मानतात. सुईने त्यांतून फारसं काही निघत नाही, त्यामुळे रिपोर्ट असा येणं नवल नाही. दुसरी शक्यता सारकॉइडची. घोड्याच्या कातडीवर सगळ्यात जास्त आढळणारा अर्बुद हाच. गाईबैलांना चामखीळ आणणाऱ्या विषाणूशी त्याचा संबंध आहे. तो सहसा शरीरात आत पसरत नाही, पण विचित्र असतो: वर्षानुवर्षं गप्प राहतो, आणि अर्धवट कापला किंवा नुसता डिवचला तरी चवताळून मोठा होऊन परत येऊ शकतो. म्हणजे नक्की काय आहे हे जाणून घ्यायला तुकडा काढावा, तर तुकडा काढण्यानेच बिघडू शकतं. काकांचा डाग तर विचारूच नका. पूर्ण गाठ आजूबाजूच्या कातडीसकट कापता येते, पण नेमकी खोगिराची जागा, टाके भरायला वेळ, नंतर व्रण. स्टेरॉइडचं इंजेक्शन पहिल्या प्रकारात उपयोगी पडतं, पण काही घोड्यांच्या खुरांना त्याने सूज येण्याची भीती असते, आणि गाठ कुठली ते कळल्याशिवाय द्यायचं कशाला?

(पिंट्या पांढरा असता तर त्यांनी तिसरंच नाव आधी घेतलं असतं. जन्मतः काळपट असून पुढे पांढरे होणारे जे घोडे, त्यांच्यात पंधरा वर्षांपुढे बहुतेकांना शेपटीखाली वगैरे काळ्या गाठी येतात. अर्जुनाचं एक नाव श्वेतवाहन, पांढऱ्या घोड्यांचा. हे ऐकल्यापासून ते नाव वाचताना मला उगीच काळजी वाटते.)

“मग करायचं काय?” मी विचारलं.

“बघायचं,” ते म्हणाले. खोगीर बंद. दर आठवड्याला त्याच उजेडात, त्याच अंतरावरून फोटो, शेजारी दहा रुपयाचं नाणं धरून. नाणं 27 मिलिमीटरचं असतं, त्यामुळे फोटो खोटं बोलत नाही. पट्टीने माप, वहीत तारीख. केस गेले, कातडी फुटली, झपाट्याने वाढली किंवा हात लावू देईना, तर लगेच फोन. मधल्या काळात हळद नाही, चुना नाही, दाबून बघणं नाही. विशेषतः दाबून बघणं नाही, असं म्हणताना त्यांनी माझ्याकडेच पाहिलं.

मी घरी येऊन रडले. मला वाटत होतं की काहीच न करणं म्हणजे हार. पुढच्या आठवड्यांत कळलं की हे ‘काहीच न करणं’ किती कष्टाचं आहे. डाग देणं सोपं होतं, पाच मिनिटांचं काम. नजर काढणं सोपं होतं. ‘देवावर सोडलं’ म्हणणं तर सगळ्यात सोपं, आणि आपल्यासारख्यांना त्याचाच मोह जास्त. देवावर सोडलं म्हणून मी दोन रविवार गेलेच नव्हते, हे इथे कबूल करते. त्याला मी शरणागती म्हणत होते. खरं कारण हे की मला ती गाठ बघायची नव्हती.

द्रोणपर्वातल्या त्या प्रसंगावर मी अडकले ती इथे. बाण दिसतो. बाण कुणी मारला ते माहीत असतं, कुठे रुतलाय ते दिसतं, उपटला की काम झालं. कृष्णाच्या हातांचं काम निदान स्पष्ट होतं. गाठीला उपटायला टोकच नाही. मग तिथे सेवा म्हणजे काय? मी त्या ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या. तिथे बाण काढणं हे एक काम आहे, पण सोबत बाकी कितीतरी आहेत: जू सोडणं, अंग चोळणं, पाणी, चारा. त्या सगळ्यांना निदान लागत नाही. पिंट्याला काय झालंय हे माहीत नसताना मी त्याचं जू सोडू शकत होते. खोगीर न घालणं म्हणजे तेच होतं.

इथवर गोष्ट थांबली असती तर मी हे कदाचित लिहिलं नसतं. खरा पेच पुढे आला.

खोगीर घालता येत नाही असा घोडा रायडिंग स्कूलला परवडत नाही. दाणा, गवत, नाल, औषध, काकांचा पगार. सर, म्हणजे स्कूलचे मालक, कर्जात आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. जुलैमध्ये ते मला म्हणाले की एका थंड हवेच्या ठिकाणचा घोडेवाला पिंट्याला घ्यायला तयार आहे, तुझे फोटो छान येतात, चार काढून दे. मग सहज म्हणाले, “उजव्या बाजूने काढ.”

मी काढले. उजव्या बाजूने. उजेड सुंदर होता, पाऊस नुकताच थांबला होता, पिंट्याने कान पुढे केले होते. मी एकही खोटा शब्द बोलले नव्हते. फोटोतली उजवी बाजू शंभर टक्के खरी होती.

थंड हवेच्या ठिकाणी सीझनमध्ये घोड्याच्या पाठीवरून दिवसभर खोगीर उतरत नाही. ती गाठ रोज घासली जाणार. घेणाऱ्या माणसाचे पैसे बहुधा उसनवारीचे, आणि घोडा म्हणजे त्याच्या घराची चूल. हे सगळं मला फोटो काढताना माहीत होतं. मी स्वतःला सांगितलं की गाठ साधीच असेल, डॉक्टरसुद्धा तसंच म्हणाले होते ना, शक्यता आहे म्हणून. बघा, जे ‘माहीत नाही’ मला जूनमध्ये टोचत होतं, त्याच ‘माहीत नाही’च्या आडोशाला मी जुलैमध्ये लपले.

त्याच रात्री मी, नेहमीचा क्रम सोडून, द्रोणपर्वाचं पुढचं पान उघडलं. युद्धाचा पंधरावा दिवस तुम्हाला माहीत आहे. भीमाने अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला, द्रोणांनी मुलाबद्दल धर्मराजाला विचारलं, आणि धर्मराजाने हत्ती हा शब्द ऐकू न जाईल असा उच्चारला. तोवर जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ जमिनीला टेकला. मला हे लहानपणापासून माहीत आहे, पण एक गोष्ट त्या रात्री नव्याने लागली. अश्वत्थामा हे नावच घोड्यावरून आलंय. जन्मताच तो घोड्यासारखा खिंकाळला होता म्हणून. धर्मराजाने वाक्यातला जो शब्द हळू केला त्यात हत्ती लपला. मी फोटोची जी बाजू निवडली त्यात गाठ लपली. त्याच्याकडे निदान युद्ध हे कारण होतं.

शनिवारी घेणारा माणूस आला. साधा, पन्नाशीचा, पायात प्लास्टिकच्या चपला. त्याने पिंट्याचे पाय पाहिले, दात पाहिले, पळवून बघितला. पाठीवर हात फिरवला, पण उजवीकडून. सर बोलत होते. मी म्हटलं, “दादा, इकडून एकदा हात लावून बघा.” आणि त्याचा हात धरून गाठीवर ठेवला. काय आहे, त्याने विचारलं. मी म्हटलं, “माहीत नाही. तीन महिने झाले. डॉक्टरांनाही नक्की माहीत नाही. खोगीर घालू नका म्हणालेत.”

तो थोडा वेळ गाठीवर बोट ठेवून उभा राहिला. मग त्याने पिंट्याच्या मानेवर दोनदा थोपटलं, सरांना नमस्कार केला आणि बसस्टॉपकडे निघून गेला. मला तो काहीच बोलला नाही.

सर बोलले. खूप बोलले, आणि त्यातलं बरंचसं बरोबर होतं. माझा पगार दर महिन्याला खात्यात येतो, त्यांचा येत नाही. मला खरं बोलायची किंमत शून्य पडली. काही दिवस येऊ नकोस, असं म्हणाले. ऑगस्टमध्ये त्यांनी पिंट्याऐवजी एक तरुण घोडी विकली, जिला लहान मुलं गाजर घेऊन येत. ती कुठे गेली, कशी आहे, मला माहीत नाही. हे मी लपवून गोष्ट गोड करू शकले असते. मी त्या माणसाला त्याच्या घोडीसाठी, पिंट्याला त्याच्या पाठीसाठी वाचवलं असेन, पण त्या घोडीच्या वाट्याला माझं सत्य कसं आलं याचं उत्तर माझ्याकडे नाही. तरी पुन्हा तीच वेळ आली तर मी त्याचा हात धरून गाठीवरच ठेवीन. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत आणि मला त्यांची सांगड घालता येत नाही.

आता पिंट्याचा खर्च आम्ही चौघं मिळून देतो, दर महिन्याला माणशी तीन हजार. सरांनीच सप्टेंबरात मेसेज करून बोलावलं, “ये, तो तुला शोधतो.” खोगीर नाही, पण दोर धरून नवी मुलं त्याच्यासोबत चालतात, खरारा शिकतात, घाबरायचं नाही ते शिकतात. त्याला बघताना मला वारीतला माउलींचा अश्व आठवतो, बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांकडून येणारा. रिंगणात त्याच्या पाठीवर माणूस बसत नाही, माउली बसतात असं आपण मानतो, आणि हजारो माणसं त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. चांदोबाच्या लिंबाला मी एकदा ते उभं रिंगण पाहिलंय. पिंट्या काही माउलींचा अश्व नाही, उगीच मोठेपणा देत नाही. पण रिकामी पाठ म्हणजे निकामी घोडा, हे माझ्या डोक्यातून तेव्हापासून गेलं.

काकांनी डागाचा विषय सोडलाय. पण दर अमावास्येला पिंट्याच्या तोंडावरून मीठ-मिरची उतरवतात, आणि मी काही म्हणत नाही, कारण त्यात गाठीला हात लागत नाही. मापाची वही मात्र आता तेच ठेवतात. त्यांना लिहिता फारसं येत नाही, आकडे येतात. आठवड्याला एक आकडा.

काल रविवार होता. मी नाणं धरलं, काकांनी पट्टी. 31 मिलिमीटर. मागच्या रविवारी 31, त्याआधी 30, त्याआधी 31. केस आहेत. कातडी सरकते. पिंट्या गवत खात होता.

उद्या पुढचा भाग, सूर्यास्तापर्यंत.